१७ इंची चाकांचा मोह

रविवार. पुन्हा तोच घोळ: बाईक कुठली घ्यायची? सुपरमोटो म्हणजे डर्ट बाईकचा उंच सांगाडा, लांब सस्पेन्शन आणि १७ इंची चाकांवर डांबरी टायर. १९७९ साली अमेरिकी टीव्हीवरच्या एका शर्यतीतून निघालेला हा प्रकार आपल्या घोडबंदरच्या खड्ड्यांसाठीच काढलाय असं वाटतं! हीरोची एक्सपल्स २०० फोर व्ही खिशाला झेपते, पण पुढचं चाक २१ इंची. बदलून घ्यावं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. वसईची एमएच-४८ पाटी लावून रोज नाक्यावर हुज्जत कोण घालणार? सीट ८२५ मिलिमीटर उंच; सिग्नलला माझे चवडेच टेकतात. तरी कंपनीने दिली तशीच घेईन. आठवडाभर ठाणं, रविवारी वज्रेश्वरी. वळणावर जरा सुस्त पडेल. मागे लेक बसणार आहे, तेव्हा बरंच.