वाडीची बंदूक

बंदूक विकत घेण्याचा योग आमच्या पत्रिकेत आहे, असे एखाद्या जोशीबुवांनी सांगितले असते, तर आम्ही त्यांची दक्षिणा निम्म्यावर आणली असती. आमच्या घराण्यात शस्त्र म्हणून जे काही होते, ते नारळ सोलण्याची पहार, कोयता आणि आजीचा अडकित्ता. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धनकडील आमच्या वाडीत वडिलांनी हयातभर शिंपलेल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पुढल्या पावसाळ्यात आम्ही नवी रोपे लावली. पोफळीला सुपारी धरावयास सहा-सात वर्षे तरी लागतात. माणूस ती वर्षे मोजीत बसतो. रानडुकराला असला हिशेब नसतो. ते रात्री येते, ओल्या मातीत नाक खुपसते, आणि सकाळी आपण पाहावयास जावे तो मुळाशी नांगर फिरल्यासारखी जमीन आणि बाजूला उताणे पडलेले रोप.

दिवसा वानरांची पाळी. त्यांच्यावर नेम धरण्यास कायद्याची बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मारुतीच्या गोतावळ्यावर बार टाकण्यास आमच्या गावात कोणी धजला नसता. डुकराच्या बाबतीत वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी परवाना मिळू शकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने उभ्या पिकाच्या रक्षणार्थ तशी वाट ठेवली आहे. म्हणून धाकट्या बंधूंनी एके रात्री जेवताना विषय काढला, "दादा, आता बंदूक घेतल्यावाचून गत्यंतर नाही." आम्ही होकार दिला, आणि त्या क्षणापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले.

एक पक्ष बंधूंचा. त्यांना पंपाची बंदूक हवी होती. नळीखाली आणखी एक नळी, तिच्यात काडतुसे एकापुढे एक भरलेली. बार निघाला की डाव्या हातातली लाकडी मूठ मागे ओढावयाची आणि पुढे लोटावयाची. मागे ओढताच रिकामे काडतूस बाहेर उडते, पुढे लोटताच नवे आत बसते. दुसरा पक्ष चौलच्या मामांचा. मामांजवळ तरुणपणापासून बाळगलेली, परवान्याची, विलायती अर्धस्वयंचलित बंदूक आहे. तिच्यात हे सारे काम बाराच्या धक्क्यानेच होते. माणसाने फक्त चाप ओढावयाचा. मामांचे म्हणणे असे, की मूठ पुढेमागे करणे हे पंपाने स्टोव्ह पेटविण्यासारखे आहे. ज्याच्या घरी गॅस आला त्याने पुन्हा स्टोव्हकडे का वळावे?

आम्ही स्वभावाने पुस्तकी. दोन्ही पक्षांना थांबवून आम्ही वाचावयास बसलो, आणि पहिल्याच दिवशी असे दिसून आले, की या वादाचा निकाल सरकारने कधीच लावून ठेवला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम म्हणते, की पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ठासणीची! म्हणजे तोंडाने दारू भरावयाची, गजाने ठासावयाची, आणि तोवर डुकराने शिष्टाचार म्हणून थांबावयाचे. मात्र ठासणीने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास त्याने दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, अशी एक दयाळू पुस्तीही तेथेच जोडलेली आहे. पंपाची बंदूक, तिची नळी वीस इंचांहून आखूड नसली, तर या पुस्तीत बसते. अर्धस्वयंचलित बंदूक मात्र नियमांच्या परिशिष्टात अगदी वरच्या वर्गात घातली आहे; तिचा परवाना अलिबागेस जिल्हाधिकाऱ्याकडे मागून उपयोग नाही, दिल्लीच्या गृहमंत्रालयाचे दार ठोठवावे लागते. पाच-पन्नास पोफळींच्या मालकासाठी ते दार उघडण्याचा संभव किती, हे वाचकांनीच ताडावे.

मग तुलना करण्याचे कारणच काय उरले? कारण एवढेच, की मामांना हे सांगण्याची प्राज्ञा आमच्यात नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर एव्हाना आम्हांलाच या यंत्रांची गोडी लागली होती.

या दोन्ही बंदुकांच्या कुळात एकच मूळपुरुष फिरून फिरून भेटतो. जॉन ब्राउनिंग हे त्याचे नाव; अमेरिकेतील युटा प्रांतातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा. पंपाची कल्पना त्याची नव्हे. स्पेन्सर आणि रोपर या जोडीने ती १८८२ साली आणली होती. परंतु विंचेस्टर कंपनीसाठी ब्राउनिंगने जी १८९७ सालची पंपाची बंदूक सिद्ध केली, ती इतकी खंबीर निघाली की पहिल्या महायुद्धात अमेरिकन शिपायांनी ती खंदकांत नेली, आणि १९१८ च्या सप्टेंबरात जर्मनीने तिच्याविरुद्ध रीतसर निषेध नोंदविला. विषारी वायू सोडणाऱ्यांना छऱ्यांची चीड यावी, हा युद्धनीतीतला एक विनोद आहे.

त्याच ब्राउनिंगने मग आपोआप भरणारी बंदूक तयार केली, आणि यावेळी एकरकमी मोल न घेता प्रत्येक बंदुकीमागे हक्काचा वाटा मागितला. विंचेस्टरने नाकारले. तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटावयास गेला. बाहेर वाट पाहत बसला असता आत अध्यक्षांचा हृदयविकाराने अंत झाल्याचे त्यास कळले. हे १९०२ च्या जानेवारीतले. तेव्हा तो समुद्र ओलांडून बेल्जियममध्ये लीएजजवळच्या हर्स्टलच्या कारखान्यात गेला, आणि तेथे ती 'ऑटो-फाइव्ह' जन्मास आली. पुढे १९२६ साली त्याच कारखान्यात काम करताना ब्राउनिंगने देह ठेवला. तिकडे विंचेस्टरला पश्चात्ताप झाला. त्यांनी त्याचे हक्क चुकवून १९११ साली स्वतःची स्वयंचलित बंदूक काढली. मूळ बंदुकीला घोडा मागे ओढण्यासाठी कडेला एक दांडी होती; ती हक्कात अडकलेली, म्हणून यांनी दांडीच वगळली आणि नळीच धरून मागे ढकलावयाची अशी योजना केली. त्या काळची काडतुसे कागदी. दमट हवेत ती फुगत आणि आत घट्ट बसत. मग लोक दस्ता जमिनीवर टेकवून, नळीचे तोंड आपल्याकडे करून, तिला जोराने खाली दाबीत. त्या बंदुकीला 'विधवा करणारी' असे नाव पडले ते यामुळे.

कागदी काडतूस दमट हवेत फुगते, हे वाक्य आम्ही दोनदा वाचले. आमच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात पापडाचा डबाही कोरडा राहत नाही. आता काडतुसे प्लास्टिकची आली. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसे आमच्या भागात सर्वांच्या ओळखीची आहेत. तरीही पितळी बूड हिरवे पडते, आणि घरात दोन पावसाळे काढलेल्या काडतुसाची दारू कधी जोमाने पेटते, कधी सुस्तावते. या सुस्तीतच दोन जातींमधला खरा भेद आहे. अर्धस्वयंचलित बंदूक बाराच्याच जोरावर जगते. ब्राउनिंगच्या रचनेत नळी स्वतःच मागे सरकते, आणि काडतूस हलके की भारी हे पाहून आतल्या घर्षणाच्या कड्या बदलून बसवाव्या लागतात. नंतरच्या पुष्कळशा बंदुकांत नळीला भोक ठेवून तेथून थोडा वायू घेतात, आणि त्या वायूबरोबर काजळीही आत येते. काडतूस अशक्त निघाले, किंवा खाऱ्या वाऱ्याने आतल्या दांडीवर गंजाची साय धरली, की यंत्र अर्ध्यावर अडते. पंपाला याचे काहीच सोयरसुतक नाही. तिची शक्ती काडतुसात नसून माणसाच्या दंडात आहे. काडतूस पेटलेच नाही तरी मूठ ओढून ते बाहेर फेकता येते. तिच्यात भाग थोडे, म्हणून किंमत कमी, आणि उघडून पुसावयासही ती सोपी. १९५० साली निघालेली रेमिंग्टनची ८७० ही पंपाची बंदूक एक कोटीच्या वर खपली.

मामांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अर्धस्वयंचलित बंदूक खांद्याला गोड लागते. धक्क्याचा काही अंश यंत्रच गिळते. दुसरा बार टाकताना नेम हलत नाही. घडणीचा रेखीवपणा पाहिला तर मामांच्या बंदुकीपुढे बंधूंनी दाखविलेली पंपाची चित्रे म्हणजे घडीव समईपुढे कंदील. परंतु मोलाचा प्रश्न काढला की गणित फिरते. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून परदेशी बंदुका खाजगी माणसाने आणण्याची वाट जवळजवळ बंद झाली. तेव्हापासून जुन्या विलायती हत्याराला जी किंमत येते ती घडणीची नसून दुर्मिळतेची असते. पाच पिढ्यांचे गुण असलेल्या बंदुकीला आणि नुसत्या जुन्या बंदुकीला बाजारात जवळपास एकच भाव मिळतो. मुरूडच्या नवाबांच्या शिकारीच्या रानात १९८६ साली फणसाडचे अभयारण्य झाले. शिकार गेली, पण त्या काळच्या हत्यारांची प्रतिष्ठा मात्र लोकांच्या जिभेवर राहिली.

इथवर सारे पुस्तकी. आता जे सांगावयाचे आहे, ते आम्ही इतके दिवस कोणास सांगितले नव्हते.

तुलना प्रत्यक्ष पाहावी म्हणून आम्ही चौलला मामांकडे गेलो होतो. मध्यरात्री वालाच्या शेतात डुकरे उतरल्याची आरोळी आली. मामा बाहेर पडले, बांधाच्या मातीत एक बार काढला, डुकरे पळाली. आम्ही कंदील धरून मागे होतो. परत आल्यावर मामांनी बंदूक पडवीत आमच्या हाती दिली आणि हात धुवावयास गेले. दव पडले होते. आम्ही तेलाचा बोळा घेऊन ती पुसू लागलो. मामांनी एकच काडतूस भरले असेल, अशी आमची समजूत, मामांचीही तीच. एक बार ऐकला होता, म्हणजे बंदूक रिकामी. खटका लावण्याचेही कोणाला सुचले नाही. बोळा चापाच्या कोंदणातून फिरला आणि पडवी फुटल्यासारखा आवाज झाला.

नळी वर होती. छरे कौलांतून गेले. मामी आमच्यासाठी चहाचा पेला घेऊन दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांच्या केसांवर, खांद्यावर, पेल्यात तांबडा चुरा पडला. कोणी काही बोलले नाही. मामा ओल्या हातांनी दारात उभे. आमचे हात थरथरू लागले ते उजाडेपर्यंत राहिले नाहीत. पहाटे मामींनी पडवी झाडली, कौलांचे तुकडे सुपात भरले, आणि आमच्याकडे न पाहता एवढेच विचारले, "ती रिकामी आहे असं तुम्हांला कोणी सांगितलं होतं?"

कोणीच सांगितले नव्हते. दोष यंत्राचा नव्हता. यंत्राने आपले काम चोख केले होते. पहिल्या बारानंतर त्याने न विचारता, न बोलता, दुसरे काडतूस जागेवर नेऊन ठेवले होते. त्या गुणासाठीच मामा त्याची वाखाणणी करीत आले होते. पंपाच्या बंदुकीत बार निघाल्यावर रिकामे काडतूस आतच राहते. माणसाने स्वतः मूठ ओढल्याशिवाय दुसरे वर येत नाही. जुनी दुनळी तर मधोमध मोडून दोन्ही भोकांतून पलीकडचा उजेड पाहता येतो. घडण, किंमत, धक्का, गंज असे सगळे रकाने आम्ही आमच्या वहीत आखले होते. हा एक रकाना आम्ही आखलाच नव्हता.

बंधूंनी पंपाचीच बंदूक घेतली. अर्ज करताना कारकुनाने कायद्याला धरून विचारलेच, "पिकासाठी ना? मग ठासणीची का नको?" बंधूंनी तेराव्या कलमाची पुस्ती पाठ म्हणून दाखविली. पुष्कळ महिन्यांनी परवाना हाती आला. २०१९ च्या दुरुस्तीपासून तो पाच वर्षांचा असतो. पहिल्याच रात्री बंधूंनी घाईत मूठ अर्धीच ओढली, काडतूस आडवे अडकले, आणि डुकरे अकरा रोपे उपटून सावकाश निघून गेली. पंपाचा हा एकच मोठा दोष, की ती माणसाइतकीच घाबरट असते. त्यानंतर बंधू रोज संध्याकाळी, आत काहीही न भरता, ओसरीवर बसून पन्नास वेळा मूठ मागेपुढे करतात. त्या आवाजाने घरातले मांजर पळते; वानरे मात्र आता ऐकूनही हलत नाहीत.

गेल्या गणपतीत मामी आमच्याकडे आल्या होत्या. चहाचा ट्रे घेऊन त्या ओसरीच्या उंबऱ्याशी थांबल्या. बंधूंच्या मांडीवर बंदूक होती.

"आधी उघडून दाखव," त्या म्हणाल्या.

बंधूंनी मूठ मागे ओढली, बंदूक उजेडाकडे वळविली, आत बोट घालून दाखविले. मग खालच्या नळीतही बोट घालून दाखविले. मामींनी वाकून दोन्हीकडे नीट पाहिले, आणि मग ट्रे खाली ठेवला.