पाणीवाल्या बाईंचं विधेयक

दहिसरचा चेकनाका ओलांडला की पाण्याचा मालक बदलतो. अलीकडे मुंबई महापालिकेचं पाणी. पलीकडे मीरा रोड-भाईंदरला ते स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून घ्यावं लागतं. १९५७ साली मुंबईची हद्द उत्तरेला सरकली, ती दहिसरला येऊन थांबली. पलीकडची गावं ठाणे जिल्ह्यातच राहिली. तिथे १९८५ मध्ये नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका. वस्ती वाढली, टॉवर उभे राहिले, पण शहराला स्वतःचं धरण नाही. आता भिस्त आहे ती पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पाच्या पाण्यावर. एमएमआरडीएच्या या योजनेतलं रोजचं पाणी ४०३ दशलक्ष लिटर, त्यात मीरा-भाईंदरचा वाटा २१८. एमआयडीसी काय, एमएमआरडीए काय, दोन्ही राज्य सरकारच्या यंत्रणा. त्यामुळे इथल्या नगरसेवकाने महासभेत कितीही आवाज चढवला, तरी उत्तर देणारा माणूस बसलेला असतो मंत्रालयात. त्याला उभं करून जाब विचारायची जागा विधानसभा.

तो जाब कसा विचारायचा, हे याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्या एका बाईने दाखवून दिलं. गोरेगावच्या मृणाल गोरे.

त्यांचा जन्म १९२८ चा. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात उतरल्या. १९४८ मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं. गोरेगाव तेव्हा मुंबईबाहेरचं गाव होतं. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरी लहान मुलगी होती. तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, मृणालताई मुंबई महापालिकेत निवडून आल्या. तेव्हा महिलांसाठी राखीव जागा नव्हत्या. नव्याने मुंबईत आलेल्या उपनगरांना पाणी मिळावं म्हणून त्यांनी बायकांचे हंडा मोर्चे काढले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ करून टाकलं. हे बिरुद त्यांना आयुष्यभर चिकटलं, आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग त्याखाली झाकलाही गेला. मोर्चा डोळ्यांत भरतो, फोटोत येतो. सभागृहातलं काम कार्यवृत्ताच्या जाड खंडांत पडून राहतं.

१९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. दुष्काळाचं वर्ष. रॉकेल, तेल, धान्य, सगळ्याचीच टंचाई. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाईविरोधी महिला समितीत एकत्र आल्या आणि रस्त्यावर लाटणी निघाली. रस्त्यावर पेटलेला प्रश्न सभागृहात नेऊन मंत्र्यांना घेरणं, आणि तिथे मिळालेलं आश्वासन परत रस्त्यावर आणून लोकांना सांगणं, अशी मृणालताईंची दुहेरी ये-जा होती. आणीबाणीत काही काळ भूमिगत राहून त्या तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा त्या निकालाची. त्या लोकसभेत महिला होत्या अवघ्या १९. मोरारजी देसाईंनी देऊ केलेलं मंत्रिपद त्यांनी घेतलं नाही.

संसदीय कामाच्या दृष्टीने मात्र त्यांचं खरं मोठं पर्व १९८५ नंतरचं. त्या पुन्हा विधानसभेत आल्या तेव्हा मुंबईत गर्भजलपरीक्षेचा बाजार उघडपणे चालला होता. मुलगी असेल तर गर्भ पाडायचा, हा त्यातला सरळ व्यवहार. लोकलमध्येसुद्धा त्याच्या जाहिराती दिसत. १९८६ च्या सुमारास मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तिच्यात ८४ टक्के डॉक्टर ही चाचणी करत असल्याचं आढळलं. त्याविरुद्ध स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील आणि विज्ञान-कार्यकर्ते यांचा एक मंच मुंबईत उभा राहिला होता. त्यांच्याकडे आकडे होते, युक्तिवाद होते. सभागृहात बसायची जागा नव्हती. ती मृणालताईंकडे होती. त्यांनी १९८६ मध्ये गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारं अशासकीय विधेयक मांडलं.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, आणि ते मंजूर होण्याची आशा जवळपास नसतेच. देशाच्या संसदेत स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायद्यात उतरली, शेवटचं १९७० मध्ये. मृणालताईंचंही विधेयक त्यांच्या नावाने मंजूर झालं नाही. पण एकदा ते पटलावर आल्यावर सरकारला गप्प बसता येईना. अभ्यास झाला, चर्चा झाली, आणि १९८८ मध्ये सरकारने स्वतःचं विधेयक आणून कायदा केला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला हा पहिला कायदा. पुढे केंद्राने १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा केला, तो याच वाटेने.

या कायद्याला भोकं होती, हेही सांगायलाच हवं. परवाना घेतलेल्या खासगी केंद्रांना मोकळीक राहिली. ज्या बाईवर घरातून दबाव येतो, तिलाही दोषी धरण्याची तरतूद झाली. चळवळीने यावर तेव्हाच टीका केली. २००० मध्ये ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे अंमलबजावणी हलली, आणि २००३ मध्ये केंद्राचा कायदा सुधारला गेला. तरीही १९८६ च्या त्या विधेयकाची किंमत कमी होत नाही. वर्तमानपत्रातला लेख सरकारला वाचून बाजूला ठेवता येतो. चर्चेला आलेल्या विधेयकाला मंत्र्याला उभं राहून हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि ते नोंदलं जातं.

पुढे १९८८-८९ मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. घरांच्या प्रश्नावरही त्यांनी हेच केलं. कमाल जमीन धारणा कायद्याखालची जादा जमीन सामान्यांच्या घरांना मिळावी, हा आग्रह सभागृहात धरला आणि बाबूराव सामंत, प. बा. सामंत यांच्यासोबत नागरी निवारा परिषद उभी करून दिंडोशीला सहा हजारांहून अधिक घरं बांधूनही दाखवली. २०१२ मध्ये त्या गेल्या. गोरेगावच्या उड्डाणपुलाला आज त्यांचं नाव आहे. त्यांची सभागृहातली भाषणं नव्याने छापून शाळा-महाविद्यालयांत वाचली गेली असती, तर ते स्मारक अधिक त्यांच्या जातीचं झालं असतं.

मीरा-भाईंदरमध्ये बायका सत्तेपर्यंत पोचल्याच नाहीत, असं नाही. महापालिकेच्या पहिल्या महापौर मायरा मेंडोन्सा. त्यांच्यानंतरही हे पद अनेकदा बायकांकडे आलं. माजी महापौर गीता जैन २०१९ मध्ये अपक्ष लढून विधानसभेत गेल्या. महाराष्ट्रात २०११ पासून महापालिकेच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत, म्हणजे ९५ जणांच्या या सभागृहात ४८. त्याच महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत २०१९ मध्ये निवडून आलेल्या महिला होत्या २४. पाणी कोणत्या इमारतीला कधी येतं, टँकरचे पैसे कोण भरतं, हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्या वॉर्डात अडकतात आणि पाण्याचा निर्णय जिथे होतो तिथे त्यांची संख्या दहातली एकही भरत नाही. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांना देणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झाली खरी, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली आहे. तोवर या शहराच्या मतदारांनी आपल्या आमदाराकडे, बाई असो वा पुरुष, उद्घाटनांच्या फोटोंऐवजी प्रश्नांची यादी मागावी: सूर्याच्या पाण्यावर किती तारांकित प्रश्न विचारले, किती लक्षवेधी सूचना दिल्या, एखादं अशासकीय विधेयक मांडलं का, आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांतली किती पुरी करून घेतली.