कॅसेटवर नाव नसलेली गायिका

उंब्रजच्या बाजारात आणि पौषात भरणाऱ्या पालच्या खंडोबाच्या यात्रेत विकल्या गेलेल्या जुन्या कॅसेटींची मी संगणकावर नोंद करतो. भक्तिगीतं, लावण्या, वगनाट्यं झटपट उरकतात, कारण शाहीर आणि फडमालक आपलं नाव ठळक छापून घेतात. अडतं ते व्हर्जन गाण्यांपाशी. गाजलेली सिनेगीतं दुसऱ्याच कुणी गायलेली. इनले कार्डावर चित्रपटाचं नाव असतं, संगीतकाराचंही असतं. गाणाऱ्या बाईचं मात्र कुठेच नाही.

आमच्याच कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लावणीच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत. कागद फाटला तरी कवी हरवत नसे. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रणाच्या शेवटी आपलं नाव उच्चारलं, ते आजही ऐकू येतं. पुढे सिनेमा आला आणि नाव मागे पडलं. 1949च्या ‘महल’च्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’ असं नाव छापलं गेलं. लताबाईंचं नाव पुढे सर्वतोमुखी झालं. व्हर्जन गाणाऱ्यांच्या वाट्याला ते क्वचितच आलं. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ कंपनीने नवख्या गळ्यांकडून चालू सिनेगीतं गाऊन घेतली होती. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने तोच मार्ग कॅसेटवर आणला. त्यातून सोनू निगमसारखे काही गायक नावारूपाला आले. बाकीचे कार्डावरसुद्धा आले नाहीत.

यात कायद्याचाही वाटा आहे. कॉपीराइट कायद्याच्या 1984च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रकाशनाचं वर्ष छापणं सक्तीचं केलं. गायकाचं नाव त्या यादीत नव्हतं. 1994 साली कलाकाराच्या हक्कांना कायद्यात जागा मिळाली. आपण गायलोय हे सांगण्याचा हक्क 2012 साली आला, आणि ‘ही कव्हर आवृत्ती आहे’ असं वेष्टनावर छापण्याची सक्तीही त्याच वर्षीची. उंब्रजच्या कॅसेटी तोवर कधीच विकून झाल्या होत्या.

आता घरोघरी या कॅसेटी संगणकावर उतरवल्या जातात. गाण्याच्या शीर्षकावरून माहिती भरणारी प्रणाली तिथे बेधडक मूळ गायिकेचं नाव लिहिते. ती नोंद एकाकडून दुसरा उचलतो आणि खरी गाणारी दुसऱ्यांदा पुसली जाते. मला हे रिकाम्या रकान्यापेक्षा फार वाईट वाटतं. म्युझिकब्रेन्झसारख्या जागतिक संग्रहात रचना आणि ध्वनिमुद्रण यांच्या नोंदी वेगळ्या असतात, हे योग्यच. गाणं एक, गाणारे अनेक. पण नाव न कळलेल्या सगळ्यांसाठी तिथे ‘अज्ञात’ हा एकच कलाकार आहे. जगभरातले अनोळखी गळे एका माणसाच्या नावावर! माझ्या नोंदवहीत मी प्रत्येक वेगळ्या आवाजाला कंपनी आणि कॅसेटच्या क्रमांकासह स्वतंत्र नोंद देतो. तोच आवाज दुसऱ्या कॅसेटवर सापडला, तर दोन्ही नोंदी जोडता येतात.

नुसत्या कानावर मात्र मी विसंबत नाही. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने धावायला हवी. प्लेअर जरा जलद चालला की पट्टी चढते आणि आवाज कोवळा वाटतो. थोराड बाई पोरसवदा होते. 78 आरपीएमच्या तबकडीवर लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यात मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून मुद्रणाचा माग निघू शकतो. कॅसेटवर तेही नाही. म्हणून कॅसेट उघडण्याआधी मी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा आणि कवचावरच्या छापाचा फोटो काढतो.

कुणी ‘ही आमची आत्या’ म्हणत आलं, तर मला आनंद होतो. तरी मी विचारतो: मुद्रण कुठल्या शहरात झालं, ढोलकीला कोण होतं, त्या दिवशी आणखी कुठली गाणी झाली? उत्तरं कॅसेटशी जुळली की आत्याचं नाव चढतं, आणि शेजारी ‘कुटुंबीयांच्या सांगण्यावरून’ असा शेरा. मूळ गायिकेचं नाव त्याच रचनेखाली, तिच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणासमोर राहतं.