वर देव, खाली खलाशी

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त कलकत्त्यास जाण्याचा योग आला. टिरेटा बाजारातील छातावाला गल्लीतून जात असता ‘सी इप चर्च’ ही अक्षरे दृष्टीस पडली. चर्च म्हटले की आमच्यासारख्याचा हात आपसूक कपाळाकडे जातो. क्रूसाची खूण करीत जिना चढलो आणि पाहतो तो काय, उदबत्त्यांच्या धुरात करुणेची देवी ग्वानयिन! कलकत्त्याचे चिनी आपल्या मंदिराला चर्चच म्हणतात, हे आम्हांस तेथे कळले. हसू आले; पण दोष कोणास द्यावा? आमची आजी जन्मभर चर्चला ‘देऊळ’च म्हणत आली.

सी इप म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील चार शेजारी परगण्यांतून आलेल्यांनी १८८२ साली ही संस्था स्थापिली. आजची वास्तू १९०५ ची. परमुलखातील बंदरांत चिन्यांनी अशी घरे जागोजाग बांधली. नवख्याला आसरा, घरी पैसे धाडण्याची सोय, मेल्यास मूठमाती, हे सारे एकाच दारी. श्रीमंती आली तेथे कोरीवकामाला सीमा राहिली नाही. पेनांगच्या खू कुळाची वास्तू १९०१ साली जळाली, तेव्हा ती राजवाड्यासारखी बांधल्याने देव कोपला, असे लोक म्हणू लागले. नवी १९०६ साली पुरी झाली. तीही काही साधी नव्हे.

मुंबईकरांस मात्र इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. माझगावच्या गोदीजवळ ‘सी यिप कून’ नावाचे दुमजली घर आहे. नाव तेच, चार परगण्यांचे. १९१९ साली ते चिनी खलाशांसाठी उभे राहिले : खाली निजावयास जागा, वर शब्दाला जागणारा योद्धा क्वान कुंग याचे मंदिर. १९६२ च्या युद्धात आसाम-बंगालमधील अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले, कित्येक देश सोडून गेले. मुंबईतही वस्ती विरळ झाली.

ते घर पाहताना आम्हांस धोबीतलावची कूड आठवली. गुरुविद्यालयात असताना एका गोमंतकीय सोबत्याबरोबर तेथे गेलो होतो. त्याचे वडील बोटीवर वारले होते. त्यांची पत्र्याची ट्रंक इतरांच्या ट्रंकांशेजारी भिंतीला लागून होती. सोबत्याने ती उघडण्यास हात घातला, तोच एक म्हातारा खलाशी म्हणाला, “आधी रोझरी होऊ दे, बाबा.” गावाच्या नावाची ती खोली, गावच्या संताची वेदी, तळलेल्या बांगड्याचा वास, आणि बेसूर लितानी. नव्या ईशज्ञानाने फुगलेल्या आम्हांस ते सारे गावंढळ वाटले. गुडघे टेकले, पण मन घड्याळाकडे. ट्रंकेत दोन सदरे निघाले, आणि सोबत्याने लहानपणापासून धाडलेली सगळी पत्रे.

माझगावला जिना चढताना या वेळी खूण केली नाही. चपला काढल्या, बाजूला उभे राहिलो, आणि त्या ट्रंकवाल्या खलाशासाठी मनातल्या मनात एक ‘नमो मरिया’ म्हटली.