किती पानं मांडायची?

पर्यावरणपूरक लग्न म्हणजे खर्च वाचवायचा आणि वर शहाणपण मिरवायचं, असं माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं. मातीत पुरली की झेंडू उगवणारी पत्रिका, तागाच्या पिशवीतून तुळशीचं रोप, मांडवात बांबूच्या टोपल्या. दिल्लीत अशी लग्नं मी पाहिली आहेत. त्यातलं एक छतरपूरच्या फार्महाउसवर होतं. बाहेर रस्ता तुंबवणारी गाड्यांची रांग, मागच्या अंगाला धडधडणारे डिझेलचे जनरेटर, आणि परतताना प्रत्येकाच्या हातात रोप. ते रोप मी घरी लावलं, ते छान फोफावलंही. माझं मत मात्र जागचं हललं नाही.

लग्न ठरल्यावर लेक म्हणाली, “आई, कचरा न करता करू या.” मी म्हटलं, मग कोर्टात जा. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, संपलं. “चालेल,” ती म्हणाली. पंचाईत माझीच झाली, कारण मला ते चालणार नव्हतं. दिल्लीतल्या मराठी माणसाला लग्न म्हणजे नुसतं लग्न नसतं. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनातल्या कार्यक्रमांत, गणपतीत, हळदीकुंकवाला जी माणसं जोडली, ती सगळी आपल्या दारी येण्याचा तो एकच प्रसंग. इथे आपले सोयरे शेजारच्या गल्लीत नसतात. आजारपणात डबा आणणारी, आम्ही गावी गेलो की झाडांना पाणी घालणारी माणसं हेच आपलं गोत.

डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या लग्नांमध्ये होणाऱ्या अन्नाच्या आणि पाण्याच्या नासाडीबद्दल चिंता व्यक्त केली. त्यानंतर, जागेचं क्षेत्रफळ आणि गाड्या उभ्या करायची सोय पाहून पाहुण्यांची संख्या ठरवावी, असा मसुदा दिल्ली सरकारनं काढला. तेव्हा हळदीकुंकवाच्या बायकांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आता सरकार आमची पानं मोजणार का? नोव्हेंबर 2020 मध्ये सरकारनं ती खरंच मोजली. करोनामुळे दोनशेची मर्यादा पन्नासवर आली. माझ्या भाच्याचं लग्न त्या पन्नासांत झालं, आणि वाईट झालं नाही. पण ते सगळं मी साथीच्या खात्यावर टाकलं आणि विसरून गेले.

मत हललं ते झाडापानांच्या प्रेमानं नव्हे, केटररशी बोलणी करताना. दिल्लीत भाव प्लेटवर ठरतो. किती प्लेटची गॅरंटी देता, हा त्याचा पहिला प्रश्न. एकदा आकडा दिला की माणसं कमी आली तरी पैसे तेवढेच. मग पदार्थांची यादी निघाली: चाटचा काउंटर, चायनीज, पास्ता, तवा सब्जी, दाल मखनी, दोन पनीर, जलेबी-रबडी, गाजर हलवा, कुल्फी आणि आणखी कायकाय. मी विचारलं, एवढं सगळं प्रत्येक जण कसं खाणार? तो गृहस्थ प्रामाणिक होता. म्हणाला, खात नाहीतच. पण रात्री अकराला आलेल्या पाहुण्यालाही प्रत्येक भांडं भरलेलं दिसलं पाहिजे. तळ दिसला तर यजमानाची लाज जाते, आणि केटररचं पुढचं काम. म्हणून प्रत्येक पदार्थ एवढा शिजवायचा, जणू जवळजवळ सगळेच तो घेणार आहेत.

हा हिशेब कोणत्याही गृहिणीला कळतो. पदार्थ दुप्पट झाले म्हणून पोट दुप्पट होत नाही. उरणार हे आधीपासून ठरलेलं असतं, त्याचे पैसे आपण आगाऊ भरतो. आणि मी चार पोळ्या उरल्या तर दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी करणारी बाई!

उरलेलं जातं कुठे, हे मला कुणाला विचारायला नको होतं. आम्ही पटपडगंजला राहतो. आमच्या गच्चीवरून गाझीपूरचा डोंगर दिसतो. 1984 साली सुरू झालेला हा कचऱ्याचा ढीग 2002 मध्येच भरला होता, तरी कचरा पडतच राहिला. 2019 मध्ये त्याची उंची 65 मीटरवर गेली, म्हणजे कुतुबमिनारला जेमतेम आठ मीटर कमी. 1 सप्टेंबर 2017 ला त्याचा एक कडा कोसळून दोन जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात तो पेटतो. ओलं अन्न ढिगाखाली हवेविना कुजलं की मिथेन तयार होतो आणि तो आगीला खाद्य पुरवतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ते महापालिकेचं काम, अशी माझी समजूत. नवऱ्याची तर अजून तीच आहे.

मग फुलांचे भाव काढायला पहाटे गाझीपूरच्याच फूलमंडीत गेले. मावळातल्या पॉलिहाउसमधला जरबेरा तिथे खोक्यांत पाहून मला आधी माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. शेजारी थायलंडहून विमानानं आलेली ऑर्किड. मी घासाघीस करत होते, तेव्हा एक फूलवाला हसत म्हणाला, “आंटीजी, ले जाओ, परसों तक तो यहीं वापस आ जाएगा.” मला आधी कळेना. त्यानं मान वळवून डोंगराकडे पाहिलं. पूर्व दिल्लीतल्या मांडवांतली फुलं मंडीतून निघतात, एक संध्याकाळ मिरवतात आणि मंडीशेजारच्या ढिगावर येऊन पडतात. मी झेंडू घेतला, तोही तोरणांपुरता.

तारखेचा घोळ वेगळाच. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मुहूर्त निघतात, उत्तरेत देवउठनी एकादशीपासून बँड वाजायला लागतात. म्हणजे ऐन नोव्हेंबर. वारा पडलेला, थंड हवा जमिनीलगत साचलेली, पंजाब-हरियाणातल्या पिकाच्या खुंटांचा धूर त्यात मिसळलेला. त्याच आठवड्यांत शहरभर मांडव, वराती, फटाके आणि जनरेटर. 2017 पासून हवा बिघडली की ‘ग्रॅप’ या प्रदूषण-नियंत्रण आराखड्याचे निर्बंध लागतात, त्यात डिझेल जनरेटरवर बंधनं येतात. तरी लग्नांच्या रात्री ते वाजताना मी ऐकले आहेत. पाचशे माणसांना खोकत आशीर्वाद द्यायला बोलवायचं, याला काही अर्थ नव्हता. आम्ही फेब्रुवारी घेतला.

आणि दुपार घेतली. ही सूचना माझी, तिचा मला थोडा गर्वही आहे. आपल्याकडे सकाळी किंवा दुपारी लग्न लागणं नवलाचं नाही. व्याही पंजाबी, फरिदाबादचे. त्यांच्याकडे वरात रात्रीच निघायची. विहीणबाई गप्पच बसल्या. तोडगा निघाला तो मुलाच्या आजीकडून, बीजींकडून. त्यांचं माहेर शीख. त्या म्हणाल्या, आमच्याकडे आनंद कारज दुपारच्या आतच होतो, दिवसा लग्न म्हणजे काही पाप नाही. मग प्रश्न मिटला. दिल्लीच्या फेब्रुवारीतलं ऊन अंगावर घेत बसावं असंच असतं. झगमग दिवे नाहीत, म्हणून जनरेटरही नाही. दिवसा लग्न लावण्याचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. दिल्लीतल्या एका लग्नातली अन्नाची नासाडी पाहून अंकित कवात्रा यांनी 2014 मध्ये उरलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणारी ‘फीडिंग इंडिया’ सुरू केली, आता अशा कामाचे स्वयंसेवक शहरात बरेच आहेत. पण ते हात न लागलेलं अन्नच नेतात. रात्री दोनला उरलेली दाल मखनी घेऊन ते कुणाला उठवणार? दुपारी चारला ती कुणाच्या तरी रात्रीच्या जेवणाला पोचते.

जेवण पंगतीत. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. व्याह्यांसाठी छोले आणि कुलचे. पंगतीत वाढपी विचारून वाढतो, त्यामुळे ताटात टाकायची सोय कमी. ताटं-वाट्या स्टीलच्या. गुरुग्रामच्या समीरा सतीजा यांनी 2018 मध्ये लोकांना फुकट भांडी देणारी क्रॉकरी बँक काढली, नंतर दिल्लीच्या आसपास तशा अनेक निघाल्या. आमची भांडी अशाच एकीतून आली. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकची ताटं, पेले, सजावटीचा थर्माकोल यांवर देशभर बंदी आहे, पत्रिकेवर गुंडाळायचं प्लास्टिकसुद्धा त्या यादीत आहे. तरी मांडवामांडवांतून काय काय दिसतं ते दिल्लीकरांना सांगायला नको. भांडी घासायला पाणी मात्र भरपूर लागलं आणि त्यासाठी टँकर बोलवावा लागला. टँकर डिझेलचा. हे मी लेकीला मुद्दाम दाखवलं.

अक्षतांच्या जागी पाकळ्या घ्याव्यात, अशी एक सूचना मुलाच्या बहिणीकडून आली. ती मी फेटाळली. अक्षता तांदळाच्याच. झाडून गच्चीवर टाकल्या, कबुतरांनी फडशा पाडला. बियांच्या पत्रिकेबद्दलचं माझं मतही अजून तेच आहे. आम्ही व्हॉट्सॲपवर आमंत्रण पाठवलं आणि वडीलधाऱ्यांना घरी जाऊन अक्षत दिली.

पण या सगळ्या युक्त्या एकीकडे आणि माणसांची संख्या एकीकडे, हे मला यादी करायला बसल्यावर उमगलं. प्रत्येक नावामागे एक पान, एक गाडी, कधी पुण्याहून एक विमान. मिरजेचे माझे भाऊ गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला उतरले, वाटेत कंबर धरली म्हणून अजून ऐकवतात. बाकीच्यांना आम्ही विमानानं या असं म्हटलंच नाही, आणि खरं सांगायचं तर फारसं बोलावलंही नाही. नावं खोडताना मला वाईट वाटलं. कचरा टाळायला फुलं कमी करता येतात, पदार्थ कमी करता येतात, त्यात कुणाचा मान जात नाही. माणूस कमी केला की त्याचा मान जातो. पूर्वी मी ज्याला ढोंग म्हणत होते, त्यातला हा भाग ढोंगाचा नाही. म्हणूनच बहुतेक लग्नांत रोपं वाटतात आणि यादीला हात लावत नाहीत.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. नवऱ्याची बदली होऊन आम्ही दिल्लीला आलो तेव्हा घर शोधून देण्यापासून गॅस मिळवून देण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. त्यांचं नाव यादीत होतं, पण त्यांच्या घरचे सात जण. आम्ही काका-काकू दोघांनाच बोलावलं. काकू आल्या, काका आले नाहीत. गणपतीत भेटले तेव्हा म्हणाले, “पर्यावरण बरं आहे ना तुमचं?” मी गाझीपूरचं सांगायला लागले, मग थांबले. पुढच्या खेपेला सगळ्यांना बोलावते, असं म्हणावं तर मला दुसरी मुलगी नाही.