गोखल्यांची माफी

पुण्यात वाढलेल्याला १८९७ चा प्लेग कळतो तो चापेकरांमुळे. गणेशखिंड, राणीच्या हीरकमहोत्सवाची रात्र, प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी. त्याला लागूनच दुसरी गोष्ट ऐकायला मिळायची. त्याच वर्षी टिळकांनी माफी मागायला नकार देऊन राजद्रोहाची दीड वर्षांची शिक्षा पत्करली, आणि गोखल्यांनी मात्र माफी मागितली. एवढ्यावर आम्ही दोघांचं माप काढून मोकळे. गोखले मला कित्येक वर्षं भित्रे वाटत आणि चारचौघांत मी तसं बोलूनही दाखवत असे. आता तसं वाटत नाही.

रँडच्या प्लेग कमिटीने मार्चपासून गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या सुरू केल्या. बुटांनिशी चुलीपर्यंत, देवघरापर्यंत. काखेत, जांघेत गाठ आहे का, हे बघायला बायकांनाही सोडत नसत. रोगी इस्पितळात, घरची माणसं वेगळ्या छावणीत, अंथरुणं-पांघरुणं जाळायला. यातलं काहीच कपोलकल्पित नव्हतं. रोग्यांना वेगळं ठेवायला टिळकांचाही विरोध नव्हता. त्यांनी स्वतः प्लेगचं इस्पितळ काढलं, गाव सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना ‘केसरी’तून खडसावलं. भांडण होतं ते सरकारच्या रीतीशी. (रोग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँने दाखवलं ते १८९८ मध्ये. तोवर झडती घेणारे आणि विरोध करणारे दोघेही अंधारातच होते.)

गोखले तेव्हा ३१ वर्षांचे. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत गेलेले. पुण्याहून मित्रांची पत्रं येत. त्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्राला सांगितलं, की सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला. गहजब झाला. सरकारने पुरावा मागितला. गोखले मुंबईत उतरले तोवर रँड मेला होता, पुण्याच्या नातू बंधूंना खटल्याविना कैदेत टाकलं होतं. अशा वेळी पत्र लिहिणारा कोण पुढे येणार? गोखल्यांनी एकाही मित्राचं नाव सांगितलं नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि ऑगस्टमध्ये बिनशर्त माफी छापून दिली. पुढे प्लेग परतला तेव्हा स्वयंसेवक घेऊन तेच कामाला लागले.

माझं मत फिरलं ते २०२० मध्ये, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे. एकाने आवाजाची फीत टाकली: कोविड सेंटरात धडधाकट माणसाला पॉझिटिव्ह दाखवतात आणि अवयव काढून घेतात. खालच्या मजल्यावरच्या काकू तापाने फणफणलेल्या, पण टेस्टला जाईनात. त्याच आठवड्यात दुसऱ्याने एका खासगी हॉस्पिटलच्या बिलाचा फोटो टाकला. पीपीई किटचे रोजचे वेगळे पैसे, तारखेनिशी. या बिलावरून सरकारला धारेवर धरता आलं असतं. पण वॉर्ड ऑफिसातल्या साहेबाने दोन्ही एकाच फटक्यात निकालात काढलं: ‘अफवा पसरवू नका.’ ती फीत त्याच्या पथ्यावर पडली. अफवेने माणूस मरतो हेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दिसलं होतं. चोर आल्याच्या आवईवरून जमावाने तिघांचा जीव घेतला.

त्या दिवसांत मला गोखले आठवले. घरझडत्यांची गाऱ्हाणी पुण्यात पेठापेठांत होती, साक्षीदार हजारो होते. पण ज्या आरोपाला साक्षीदार उभा करता येईना, तोच सरकारने उचलला आणि बाकीची गाऱ्हाणी त्याखाली दाबली. तो आरोप मागे घेणं म्हणजे शरण जाणं, असं मी मानत होतो. आता वाटतं, सरकारशी भांडणाऱ्याला हे करता आलंच पाहिजे, आणि बहुतेकांना ते जमत नाही.

तरी एक गोष्ट खुपतेच. पुरावा मागणारं सरकारच पुरावा देणाऱ्याला धाकात ठेवतं. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजन टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. तीनच महिन्यांनी केंद्राने राज्यसभेत सांगितलं, की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं कळवलेलं नाही. नोंदवह्या ज्यांच्या ताब्यात, तेच नोंद नाही म्हणणार. म्हणून गोखल्यांच्या वेळी तो अत्याचार घडलाच नव्हता, असंही मी म्हणणार नाही. सिद्ध करता आला नाही, एवढंच.

माफीनाम्यात गव्हर्नर आणि प्लेग कमिटीबरोबर गोखल्यांनी सोजिरांचीही माफी मागितली. ती मागायला नको होती. एक आरोप मागे घेतला असता तर पुरे होतं, देवघरात बूट घालून शिरणाऱ्यांपुढे वाकायचं कारण नव्हतं. एवढा भाग सोडला, तर त्या माफीबद्दल माझी आता तक्रार नाही.