रक्तदानानंतरचे सहा तास

रक्त देऊन उठलेल्या मनुष्याला चहा-बिस्किटें मिळतात, हातावर प्रमाणपत्र ठेवण्यांत येतें, आणि आपलें काम पुरें झालें अशा समाधानानें तो घरीं जातो. मीहि साठी उलटेपर्यंत चोवीस वेळां असाच घरीं गेलों. त्या पिशवीचें पुढें काय होतें, याची चौकशी करण्याचें मला कधीं सुचलें नाहीं. आणि ती चौकशी सर्वांत आधीं ज्या घरांत व्हावयास हवी होती, तें घर आमचेंच.

आमच्या बदलापूरच्या घरांत धाकट्या बंधूंच्या मुलीचा मुलगा वाढला. रांगतां रांगतां त्याचा गुडघा सुजला, तेव्हां त्याला हिमोफिलिया असल्याचें कळलें. रक्त गोठण्यास जे अनेक घटक लागतात, त्यांपैकीं आठवा त्याच्या अंगांत जवळजवळ नव्हताच. १९९० नंतरचीं तीं वर्षें. या घटकाची तयार पूड तेव्हां आमच्या ऐपतीबाहेरची होती. सांधा सुजला कीं मुलाला खांद्यावर टाकून पहिल्या लोकलनें मुंबई गाठावयाची, आणि ‘क्रायो’च्या सात-आठ पिशव्या मिळेपर्यंत रुग्णालयाच्या बाकावर बसावयाचें. गोठविलेला रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, थंडींतच सावकाश वितळविला तर तळाशीं जो साका उरतो, त्यांत हा आठवा घटक सांपडतो. अमेरिकेंतील ज्यूडिथ पूल या विदुषीनें १९६४ च्या सुमारास हें दाखवून दिलें. एकेका पिशवीमागें एकेक दाता. त्या अनोळखी माणसांसाठीं आमच्या मोठ्या वहिनी रोज सांजवातीला हात जोडीत.

असें असूनहि गेल्या वर्षीं मीं काय केलें तें सांगतों. नोकरीच्या दिवसांपासून अंबरनाथच्या एका मंडळाशीं माझा संबंध आहे. त्याच्या शिबिराची व्यवस्था माझ्याकडे होती. सकाळीं आठाला पहिली पिशवी भरली. अकराला पाहुणे आले. मग स्वागत, दीपप्रज्वलन, भाषण, भाषणाला उत्तर, छायाचित्रें. रक्तकेंद्राचा तरुण तंत्रज्ञ दोनदां येऊन, “काका, गाडी सोडूं का?” असें विचारून गेला. त्याचाहि सत्कार व्हावयाचा होता. शिवाय जेवल्याशिवाय मीं त्याला हलूं दिलें नाहीं. अडीचला गाडी निघाली. तींत मीहि होतों. उल्हासनगरांत ती अडकली. (महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं वसलेलें हें गांव. १९४९ त याला नवें नांव मिळालें, तरी पत्ता सांगतांना लोक अजून ‘कॅम्प नंबर चार’ असेंच म्हणतात.) चार वाजले. तेव्हां तो मुलगा हळूच म्हणाला, “काका, सकाळच्या पिशव्यांतल्या लाल पेशी वापरतां येतील. प्लेटलेट आणि ताजा गोठविलेला प्लाझ्मा मात्र आतां यांतून घेतां येणार नाहीं.”

मग त्यानें सारें समजावून सांगितलें. पिशवींत आधींपासून असलेलें सायट्रेट रक्तांतील कॅल्शियम बांधून ठेवतें, म्हणून रक्त पातळ राहतें. परंतु आठव्या घटकाचे दोन भाग एकमेकांना धरून राहण्यास तेंच कॅल्शियम लागतें. तें मिळेनासें झालें कीं घटक हळूहळू निकामी होत जातो. पिशवी शीतपेटींत ठेवावी तर प्लेटलेट बिघडतात, आणि आठवा घटकहि उतरतोच. म्हणून ती २० ते २४ अंशांवर ठेवून आपल्याकडे सहा ते आठ तासांच्या आंत यंत्रांत फिरवितात, आणि वेगळा झालेला प्लाझ्मा उणे ३० अंशांखालीं गोठवितात. तेथें तो वर्षभर टिकतो. लाल पेशी पोषक द्रावणांत ४२ दिवस राहतात. प्लेटलेट अवघे पांच. युरोपांत कित्येक ठिकाणीं पिशव्या रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशीं फिरवितात. त्यांत आठव्या घटकाचा पांचवा-चौथा हिस्सा जातो, फायब्रिनोजेन मात्र जवळजवळ जसेंच्या तसें राहतें. तेव्हां उशिरां काढलेला प्लाझ्मा म्हणजे कांहीं पाणी नव्हे; यकृताच्या रोग्याला तो उपयोगीं पडतो. पण तेथें तपमान राखण्याची चोख सोय असते. आमच्या मांडवांत टेबल होतें आणि टेबलावर हारांची टोपली होती.

घरीं येऊन हें सांगितलें. दादा म्हणाले, “पाहुण्यांना बोलवायचें आणि बोलूं द्यायचें नाहीं, हा कुठला शिष्टाचार? रक्त वाया तर गेलें नाहीं ना?” नव्हतें गेलें. तें खरेंच असल्यामुळें मला उत्तर सुचेना. वहिनी भाजी निवडीत होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, “तेव्हां मुंबईंत आपल्याला सात पिशव्या मिळाल्या, त्या सातांच्या गांवीं पाहुणे आले नव्हते वाटतं!”

यंदा पाहुण्यांचा कार्यक्रम संध्याकाळीं ठेवला आणि गाडीच्या दोन खेपा ठरविल्या, पहिली साडेदहाची. मंडळाचे एक जुने सभासद त्यामुळें रुसले आहेत. अद्याप माझ्याशीं बोलत नाहींत. आमचा नातू आतां तिशी ओलांडलेला आहे. हल्लीं तो घटकाचें इंजेक्शन घरींच घेतो. उजव्या पायानें किंचित् अधू आहे. त्याला रक्त देतां येत नाहीं, म्हणून वेळा लिहिण्याची वही त्यानें मागून घेतली. पहिल्या पिशवीपुढें त्यानें आठ वाजून दहा मिनिटें असें लिहिलें, आणि साडेदहाला पांच मिनिटें कमी असतांनाच उठून ड्रायव्हरला हांक मारली.